नल्लकुंट्याहून समुद्राकडे

तेलुगूत ‘नल्ल’ म्हणजे काळं आणि ‘कुंटा’ म्हणजे लहान तळं. आमच्या नल्लकुंट्याच्या नावात असं पाणी आहे, पण आज इथे दिसतात ती दुकानं, मेस आणि रिक्षा. समुद्र तर शेकडो किलोमीटर दूर. तरी शिडाच्या बोटी बघायच्या तर चार-पाच किलोमीटरवरचा हुसेनसागर आहे.

पावसाळ्यात तिथे शर्यती होतात. मुलांची ‘ऑप्टिमिस्ट’ बोट जेमतेम 2.3 मीटरची. ती फायबरग्लासची असते: काचेच्या धाग्यांचं कापड आणि रेझिन. ते गंजत नाही, लाकडासारखं कुजत नाही. म्हणूनच तीस-चाळीस वर्षांच्या फायबरग्लास बोटी आजही महासागर ओलांडतात. झिजतं ते बाकीचं: डोलकाठी ताणून धरणाऱ्या तारा, शिडं, पाण्याखालचे व्हॉल्व्ह, वायरिंग. ते बदललं की बोट पुन्हा तयार!

‘गोल्डन ग्लोब’ शर्यतीत तर अशाच बोटी लागतात. डिझाइन 1988 पूर्वीचं हवं. जीपीएस नाही, सेक्स्टंट आणि कागदी नकाशे. एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा.

आपल्या नौदलाचे अभिलाष टॉमी 2018 मध्ये या शर्यतीत उतरले. हिंदी महासागरातल्या वादळात डोलकाठी मोडली, पाठीच्या कण्याला जबर दुखापत झाली. जवळजवळ तीन दिवस ते बोटीत पडून होते. मग एका फ्रेंच जहाजाने त्यांना वाचवलं. कण्यात टायटॅनियमच्या सळ्या बसल्या, चालणंही पुन्हा शिकावं लागलं.

तरी 4 सप्टेंबर 2022 ला ते परत निघाले. या वेळी बोट होती ‘बायानत’: सेकंडहँड, ‘रस्टलर 36’ जातीची, फक्त 36 फुटांची, नव्याने सज्ज केलेली. वाटेत वाऱ्यावर चालणारं स्वयंचलित सुकाणू मोडलं, तेव्हा त्यांनी बोटीतल्या शौचालयाचं दार कापून त्याची पाती बनवली. 236 दिवसांनी, 29 एप्रिल 2023 ला ते दुसरे आले. निघालेल्या 16 जणांपैकी न थांबता पोहोचले फक्त तिघे.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना जुनं ते फेकायची घाई असते. ‘बायानत’ वेगळा हिशेब शिकवते: पाया मजबूत असेल तर बाकीचं दुरुस्त होतं, फक्त दुरुस्ती आपल्या हाताला यायला हवी.

हैदराबादला आलात तर बुद्धमूर्तीसोबत फोटो काढाच. पण मुलांना पलीकडची ती छोटी शिडंही दाखवा.