घरच्या शाळेचं सामान

गेल्या दोन महिन्यांत तीन वेगवेगळ्या आयांनी मला एकच प्रश्न विचारला. "तुमची मुलं घरीच शिकतात ना? मग सामान काय काय आणलंय? यादी द्याल का?" एकीने तर पर्समधून पेन काढलंसुद्धा! मी म्हटलं, अहो, यादी देण्यासारखं फार काही नाहीये आमच्याकडे. तिला ते अजिबात पटलं नाही. मी गुपित लपवतेय असंच काहीतरी तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तेव्हा म्हटलं एकदा सगळं लिहूनच टाकावं.

पण सामानाकडे येण्याआधी थोडं मागे जायला हवं, नाहीतर आमच्या घरात ज्वारी मोजायची लाकडी मापं का आहेत ते कळायचं नाही.

थोरलीला आम्ही तिसरी संपल्यावर शाळेतून काढलं. शाळा काही वाईट नव्हती. बाई प्रेमळ होत्या, डबा खायला वेळ मिळायचा, आणखी काय हवं? पण एक गोष्ट मला दिसायला लागली होती आणि एकदा दिसल्यावर ती दिसेनाशी होईना. तिला कुणीही काही विचारलं की ती उत्तर देताना विचारणाऱ्याच्या तोंडाकडे बघायची. साती साती किती? "एकोण..." असं म्हणून थांबायची. मग समोरच्याच्या भुवया बघायच्या. आपल्या मराठी आकड्यांची गंमत अशी की "एकोण" म्हटल्यावर पुढे चाळीस, पन्नास, साठ, सगळे रस्ते मोकळे! समोरच्याची मान किंचित हलली की "...पन्नास" म्हणून मोकळी. उत्तर बरोबर. शाबासकी. आणि मला पोटात खड्डा पडल्यासारखं व्हायचं, कारण तिने साती साती केलेच नव्हते, तिने मला वाचलं होतं. गुण छान पडायचे म्हणून हे कुणाला खुपतही नव्हतं.

आता गंमत बघा. या मुलीला घरी आणलं तर काय होणार? शाळेत निदान तीस-चाळीस मुलांत बाईंचा चेहरा वाटला जायचा. घरी तर सकाळ-संध्याकाळ माझाच चेहरा. म्हणजे रोगावर औषध म्हणून रोगच! त्यामुळे सामान आणायला निघाले तेव्हा माझी एकच अट होती. वस्तूने स्वतः उत्तर दिलं पाहिजे. मी त्या वेळी स्वयंपाकघरात असले तरी चुकलं-बरोबर तिचं तिला कळलं पाहिजे.

ही काही माझ्या डोक्यातून निघालेली कल्पना नाही. माँटेसरीबाईंच्या साधनांचं सगळं मर्म यातच आहे. लाकडी ठोकळ्यातल्या दहा भोकांत दहा दांडगोल बसवायचे. एक जरी चुकीच्या भोकात गेला तरी शेवटी एक बसत नाही, उरतो. मोठ्या माणसाने "चुकलं" म्हणायची गरज नाही. पण तो संच दुकानात विचारून बघा, किंमत ऐकून आपणच भोकात बसू! आणि त्याचंही उत्तर आपल्याकडे फार पूर्वी शोधून झालंय. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं आणि अनुताई वाघांच्या साथीने ते पुढे कोसबाडला नेलं. तिथे त्यांनी महागड्या साधनांच्या जागी बिया, शिंपले, खडे, पानं असं आजूबाजूला मिळणारंच सामान वापरलं. अर्थात मुंबई-पुण्याच्या बालशाळा आजही परदेशी साधनांची जाहिरात करतात ते वेगळं. असो.

तर मापं. एका रविवारी जुन्या बाजारात नवऱ्याला सायकलचा सुटा भाग हवा होता म्हणून गेलो होतो आणि मला पितळी पट्ट्या मारलेली जुनी लाकडी मापं दिसली. चिपटं, मापटं, शेर, अडशिरी आणि पायली. पायली थोडी फुटलेली होती म्हणून स्वस्तात मिळाली. आमच्या सासूबाईंनी बघितल्यावर कपाळाला हात लावला. "अगं, ही आम्ही भंगारात घातली तेव्हा तू विकत आणतेस?" त्यांचंही बरोबरच. १९५६ साली मेट्रिक मापांचा कायदा झाला आणि पुढच्या काही वर्षांत शेर-पायली कागदोपत्री संपली. गावाकडे बायकांच्या तोंडी मात्र ती कितीतरी वर्षं राहिली, आणि काही ठिकाणी अजून आहे.

मी मुलांना काहीच सांगितलं नाही. पाचही मापं आणि ज्वारीचं अर्धं पोतं गच्चीत ठेवलं आणि आत निघून आले. (हे "आत निघून येणं" सगळ्यांत अवघड सामान आहे, ते कुठल्याच दुकानात मिळत नाही.)

धाकटा तेव्हा पाच वर्षांचा. त्याने आधी सगळी ज्वारी गच्चीभर केली. मग थोरलीने मापून बघायला सुरुवात केली. दोन चिपट्यांचं एक मापटं. दोन मापट्यांचा शेर. दोन शेरांची अडशिरी, दोन अडशिऱ्यांची पायली. प्रत्येक वेळी दुप्पट! तिसऱ्या दिवशी ती धावत आत आली. "आई, पायलीत सोळा चिपटी बसतात, पण मी सोळा नाही मोजली, चारदा दुप्पट केली." मी पोळी लाटत होते. तिने माझ्याकडे बघितलंच नाही, सांगितलं आणि परत गेली. अर्धा, पाव, अष्टमांश हे नंतर वहीत आले तेव्हा ते तिला ओळखीचे निघाले. शेराच्या पाव म्हणजे चिपटं, त्यात न समजण्यासारखं काय?

पण खरी मजा पुढे झाली. धाकट्याची चिपटी मापट्यात मावेनात. दोन टाकली की ज्वारी सांडायची. दोघांचं जोरदार भांडण. तिचं म्हणणं तो खोटं मोजतो, त्याचं म्हणणं माप खोटं आहे. शेवटी तिच्याच लक्षात आलं की तो शीग लावून भरतोय आणि ती सपाट! मग फुटपट्टीने वरची ज्वारी निपटून काढायचा नियम ठरला. सासूबाई बाजूला बसून ऐकत होत्या. त्यांनी मग धान्य देताना शीग कोण लावायचं, कोण अंगठा आत घालून मापायचं, त्यावरून गावात कोणाचं नाव कसं खराब झालं, अशा तासभर गोष्टी सांगितल्या. भंगारातल्या मापांबद्दलचा त्यांचा राग त्या दिवशी गेला. मला वाटतं घरी शिकण्याबद्दलचाही थोडासा गेला, पण त्या तसं कबूल करणार नाहीत.

बाकीचं सामान भराभर सांगते. शंभर मण्यांची माळ: दहा लाल, दहा पांढरे, पुन्हा दहा लाल. दिल्लीची 'जोडो ज्ञान' संस्था अशी गणितमाळ बनवते, पण आम्ही बाजारातून मणी आणून घरीच ओवली. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला "वीस एक" असं वाचन दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतंय? मंगला नारळीकर बिचाऱ्या सगळ्यांना समजावून थकल्या. ज्यांनी चेष्टा केली त्यांनी "एकोण..." म्हणून अडकलेलं मूल जवळून पाहिलं नसावं. माळेवर एकोणपन्नास म्हणजे पाच दहांना एक कमी, हे बोटाला लागतं. मंगलाबाईंचं 'गणितगप्पा' मात्र जरूर आणा.

काड्यापेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे. ही अरविंद गुप्तांची देणगी. आयआयटीतून इंजिनीअर झालेला माणूस १९७८ साली होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या कामात जातो आणि आयुष्यभर कचऱ्यातून खेळणी करत राहतो, मला तर हे वाचूनच भरून येतं. चार काड्यांचा चौकोन करा, बोटाने ढकला, कलंडतो. तीन काड्यांचा त्रिकोण कलंडत नाही. मग पूल बघताना, पत्र्याच्या शेडचे सांगाडे बघताना मुलं त्रिकोण शोधायला लागतात. त्यांची पुस्तकं मराठीतही आहेत आणि त्यांच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात.

दगडी पाटी. पुसली की चूक गेली, लाल शाई नाही, खाडाखोड नाही. (धाकटा पेन्सिल खातो. खाऊ दे... म्हणजे खाऊ नये, पण खातो.)

आणि ओळंबा! बोहरी आळीतून आणला. गवंड्याचा साधा ओळंबा. तो लावून गच्चीत एक काठी अगदी सरळ उभी केली आणि थोरली दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूने खूण करायला लागली. पुण्यात मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैअखेर सूर्य दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो, काठीची सावली नाहीशी होते, म्हणून मे महिना निवडला होता. शेजारचे काका गच्चीवर पापड बघायला आले होते. ते म्हणाले, "एवढं काय उन्हात बसतेस? बारा वाजता ये, भर बाराला सावली पायाशी असते." मी तिथेच होते. जुनी सवय असती तर तिने आधी काकांच्या आणि मग माझ्या तोंडाकडे बघितलं असतं. ती खडूच्या खुणांकडे बोट दाखवून म्हणाली, "नाही काका, काल बाराला एवढी होती. साडेबारा ते बारा पस्तीसच्या मध्ये कधीतरी संपली."

काका हसले. पण दुसऱ्या दिवशी साडेबाराला ते छत्री घेऊन हजर!

कारण सोपं आहे. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं, म्हणजे मिर्झापूरजवळचं. पुणे चौऱ्याहत्तरच्या किंचित अलीकडे. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे सुमारे पस्तीस मिनिटांचा फरक. तरी तिची वेळ पस्तीसच्या आधीच का येते हे कोडं राहिलंच. मग वर्षभर तिने काठी सोडली नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सावली सव्वाबाराच्या सुमारास सगळ्यांत आखूड, फेब्रुवारीत पावणेएकनंतर. पृथ्वीची कक्षा लंबगोल आणि आस कललेला, हे पुस्तकात सापडलं, पण ते शोधायला ती स्वतः गेली.

आता जे आणत नाही ते. छापील वर्कशीटं. त्यांना उत्तर तपासायला कुणीतरी लागतंच, म्हणजे पुन्हा माझा चेहरा. आणि ते लॅमिनेशनचं यंत्र, जे हल्ली प्रत्येक घरी शिकवणाऱ्या आईकडे असतं! प्लास्टिकमध्ये घातल्याने पाढा लवकर पाठ होतो का हो?

भाषेचं काय, हा प्रश्न मात्र खरा आहे आणि त्याने माझी झोप उडवली होती. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं म्हणून कुठलं माप सांडत नाही. पुस्तकं भरपूर आहेत. माधुरी पुरंदऱ्यांचे 'वाचू आनंदे'चे चारही भाग आणि 'लिहावे नेटके' आमच्याकडे जीर्ण झालेत, आणि १९७१ पासूनचे 'किशोर'चे अंक बालभारतीने फुकट वाचायला ठेवलेत, त्यात उन्हाळे जातात. वाचण्याची चिंता नव्हती, लिहिण्याची होती. थोरलीने लिहिलेलं मी वाचलं की ती परत माझ्या भुवया बघायची. इतक्या मेहनतीने बाहेर काढलेलं दारातून परत आत!

शेवटी पोस्टकार्डं आणली. सांगलीला माझ्या वडिलांना ती पत्र लिहिते. आजोबा शुद्धलेखन तपासत नाहीत. त्यांना जे कळलं नाही ते ते उलटटपाली विचारतात. "तू लिहिलंस 'त्याने त्याला मारलं'. कोणी कोणाला? मला काळजी लागली आहे." पोस्टाच्या कृपेने भुवया तिच्यापासून सव्वादोनशे किलोमीटर लांब आहेत, आणि उत्तर यायला आठवडा लागतो. तोवर तिला स्वतःच आठवतं की आपण काय अर्धवट लिहिलं होतं. मागच्या महिन्यात तिचं नवं कार्ड आजोबांच्या उत्तराआधीच निघालं. "मागच्या पत्रात चिंगी कोण ते सांगायचं राहिलं. ती शेजारची मांजर आहे."

कायद्याचं आणि परीक्षेचं सगळेच विचारतात म्हणून एवढंच सांगते. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे आणि त्यात घरी शिकण्याबद्दल काही म्हटलेलं नाही, त्यामुळे ज्याने त्याने नीट वाचून ठरवावं. दहावीसाठी १९८९ साली स्थापन झालेली राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे. वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात आणि मराठी माध्यम आहे. आमची अजून बारा वर्षांची आहे. परीक्षेत तपासणाऱ्याचा चेहरा दिसत नाही, ही गोष्ट तिला आवडेल असं मला वाटतं, पण बसायचं की नाही ते ती ठरवेल.

आणि हो, मापं घ्यायची असतील तर एक सांगायचं राहिलं. हल्ली शोभेची नवी मापंही जुनी म्हणून विकतात, दिवाणखान्यात ठेवायला. ती दिसायला सुंदर असतात पण मापाला खोटी. जाताना पिशवीत थोडी ज्वारी न्या. दोन चिपटी मापट्यात ओता, वर फुटपट्टी फिरवा. दुकानदार वैतागतो, तरी ओता. आमच्या धाकट्याने गेल्या रविवारी एकाला तीन मापं परत ठेवायला लावली.