बघायला गेलं की शून्य

सांगोला तालुक्यात आमची विहीर सामाईक आहे. तीन दिवस अण्णांची पाळी, तीन दिवस तात्यांची. अण्णा माझे वडील, तात्या त्यांचे धाकटे भाऊ. दोघांचं डाळिंब, मोटार मात्र एकच. गेल्या वर्षी ती जळाली. रिवायंडिंगचा खर्च निम्मा-निम्मा की चाललेल्या तासांप्रमाणे, यावरून दोन घरांतलं बोलणं बंद झालं. अण्णांच्या खिशातल्या डायरीत पाळीचे तास लिहिलेले होते. तात्यांचं म्हणणं, डायरी त्याची, पेन त्याचा.

मी पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करते. इंजिनियरिंग इलेक्ट्रॉनिक्समध्ये केलं, पण कॉलेज सुटल्यापासून सोल्डर गन हातात धरलेली नव्हती. तरी दिवाळीला गेले ती अर्डुइनो ऊनो घेऊनच. मोटारीच्या एका फेजच्या वायरीभोवती करंट ओळखणारा क्लॅम्प लावला. करंट वाहतोय तोवर बोर्डानं सेकंद मोजायचे. पाळी कुणाची हे सांगायला एक स्विच, वर अण्णा, खाली तात्या. लाइटचा भरवसा नाही म्हणून बोर्ड १२ व्होल्टच्या बॅटरीवर आणि छपरावर छोटं सोलर पॅनेल. आकडे बोर्डाच्या पोटात राहणार, मी आले की लॅपटॉप जोडून वाचणार. पुण्यात टेबलावर आठवडाभर चालवून बघितलं होतं. डायरीवर विश्वास नाही ना, मग यंत्रावर तरी ठेवा, असा माझा एकंदर तोरा होता.

होळीला दोघा भावांना मोटारीच्या खोलीत बोलावलं. केबल खोचली, सिरियल मॉनिटर उघडला. बोर्डावरचा दिवा भराभर लुकलुकला आणि स्क्रीनवर आलं : अण्णा ०, तात्या ०.

‘‘म्हंजे चार महिने मोटार चाललीच न्हाई म्हणायची,’’ तात्या म्हणाले. अण्णा काहीच बोलले नाहीत, ते जास्त लागलं. मी घाईघाईनं केबल काढून पुन्हा लावली. म्हणजे तोच मूर्खपणा दुसऱ्यांदा केला.

रात्री माळवदावर बसून शोधलं तेव्हा कळलं, की बोर्ड बिघडलेला नव्हताच. त्याला जे शिकवलंय तेच त्यानं केलं होतं. पूर्वी अर्डुइनोत नवा प्रोग्रॅम भरायचा तर नेमक्या क्षणी हातानं रीसेटचं बटण दाबावं लागे. २००७च्या डिएसिमिला बोर्डापासून ती कटकट गेली. यूएसबीच्या चिपमधून डीटीआर नावाची एक तार निघते. ही मोडेमच्या जमान्यातली खूण, ‘मी तयार आहे’ असं कॉम्प्युटरनं सांगण्याची. ती १०० नॅनोफॅरडच्या कपॅसिटरमधून थेट रीसेटच्या पिनला जोडलेली असते. कपॅसिटर फक्त बदल पुढे जाऊ देतो. त्यामुळे पोर्ट उघडला की डीटीआर खाली येते, रीसेटला एक छोटा झटका बसतो आणि बोर्ड पहिल्यापासून सुरू होतो. बॅटरी जोडलेलीच होती, वीज क्षणभरही गेली नव्हती. पण प्रोग्रॅम सुरू होताना आधी सगळे आकडे पुसून शून्य करतो. टेबलावर हे दिसलं नाही, कारण तिथे बोर्ड त्याच केबलवर चालत होता. केबल लावली की मॉनिटर लगेच उघडायचा, मोजणी तिथूनच सुरू व्हायची. शून्य बरोबरच वाटायचं.

उपाय हास्यास्पद स्वस्त आहे. रीसेट आणि ग्राउंडच्या मध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, धन पाय रीसेटकडे. तो बोर्डावरच्या कपॅसिटरच्या शंभरपट मोठा, त्यामुळे ५ व्होल्टचा झटका तिथे जेमतेम ०.०५ व्होल्टचा उरतो. प्रोग्रॅम बदलायचा असेल तेव्हा तो काढावा लागतो, एवढंच. बोर्डावर ‘रीसेट-ईएन’ लिहिलेली एक बारीक पट्टी असते, ती ब्लेडनं कापली तरी काम होतं. पण आमच्या घरात आणखी काही कापायची माझी हिंमत नव्हती.

कपॅसिटरनं झटका थांबतो, बॅटरी मेली तर आकडे जाणारच. म्हणून मोजणी आता ईईप्रॉममध्येही लिहिते. तिथल्या प्रत्येक जागेला एक लाख वेळा लिहिण्याची हमी असते. दर दहा मिनिटांनी एकाच जागी लिहिलं तर दिवसाचे १४४, म्हणजे दोन वर्षंही पुरणार नाही. म्हणून जागा फिरवत ठेवते आणि मोटार बंद असताना लिहीत नाही. हे सगळं दिवाळीतच सुचायला हवं होतं. या कामाचा मला पगार मिळतो.

सगळ्यात शहाणी सूचना तात्यांची. ‘‘आत काय लिवलंय ते भायेर दाव की. वायर कशाला पायजे?’’ खरंच की! दोन ओळींचा डिस्प्ले लावला, वर अण्णा, खाली तात्या. गेलेले चार महिने काही परत आले नाहीत. रिवायंडिंगचे पैसे शेवटी निम्मे-निम्मेच झाले, तेही अण्णांनी धुसफुसत दिले.

पाडव्याला तात्यांसमोर पुन्हा लॅपटॉप जोडला. डिस्प्लेवर त्यांच्या ओळीत ६ तास ४० मिनिटं होती. पोर्ट उघडला. आकडा जागचा हलला नाही.

‘‘काढ आन् परत लाव,’’ तात्या म्हणाले. काढली, लावली. तीनदा करायला लावलं. मग त्यांनी खाली पडलेला कोळसा उचलला आणि स्टार्टरच्या बाजूच्या भिंतीवर ६ तास ४० मिनिटं लिहिलं. खाली अण्णांचाही आकडा लिहिला.