झुबाऱ्याची माणसे आणि झुबाऱ्याची जमीन

झुबारा, कतार

ती. दादांस, सा. न. वि. वि.

कतारच्या वायव्य किनाऱ्यावरचा इथला किल्ला दुरून तीनचारशे वर्षांचा वाटतो, पण तो 1938 सालचा आहे. तीन कोपऱ्यांना गोल बुरूज, चौथ्याला चौकोनी. समुद्राच्या बाजूला मोत्यांच्या व्यापारावर अठराव्या शतकात भरभराटलेल्या शहराचे अवशेष वाळूत पसरलेले आहेत. 1811 मध्ये मस्कतकरांच्या हल्ल्यात ते बेचिराख झाले, नंतर थोडेफार वसले, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत पुरते ओस पडले. थोडक्यात, हा किल्ला बांधला तेव्हा राखण्याजोगे इथे फारसे काही उरलेच नव्हते. तरी कतारच्या शेख अब्दुल्ला बिन जासिम आल थानी यांनी तो बांधला, कारण आदल्याच वर्षी, 1937 च्या जुलैत, याच उजाड जागेसाठी रक्त सांडले होते.

समोर बहरीन आहे. तिथले राज्यकर्ते आल खलिफा 1760 च्या दशकात कुवेतहून आले ते आधी झुबाऱ्यातच, आणि इथूनच 1783 मध्ये त्यांनी बहरीन बेट इराण्यांकडून जिंकले. राजधानी बेटावर गेली, पण मूळ गावावरचा हक्क सोडला असे त्यांनी कधी म्हटले नाही. त्या हक्काचा आधार होती नईम ही टोळी. हिवाळ्यात उत्तर कतारात गुरे चारायची, उन्हाळ्यात बेटाची वाट धरायची, हा नईमांपैकी अनेकांचा शिरस्ता. बहरीनचे म्हणणे सरळ होते : नईम आमच्या शेखाला मानतात, ते झुबाऱ्यात राहतात, सबब झुबारा आमचा. या तिन्हींतली पहिली दोन विधाने बऱ्याच अंशी खरी आहेत. अडचण आहे ती 'सबब' मध्ये, आणि हे पत्र त्या 'सबब'विषयीच आहे.

टोळीचे इमान ही या भागात फुकटची वस्तू कधीच नव्हती. शेखाने संरक्षण द्यायचे, पाणी आणि चराई शाबूत ठेवायची, वेळप्रसंगी पैसा द्यायचा. टोळीने बोलावल्यावर हत्यार घेऊन यायचे. 1868 मध्ये कतारच्या टोळीप्रमुखांनी बहरीनला वर्षाला 9,000 क्रान (इराणी नाणी) द्यावेत असे ठरले, आणि त्यातला काही भाग नईमांच्याच हातात पडायचा होता. राखणदारीची ही रोख किंमतच म्हणा. देणेघेणे चालू आहे तोवर इमान. एका बाजूचे देणे थांबले की दुसरी बाजू मोकळी. गावाकडच्या बलुत्यासारखा हा व्यवहार होता, आणि त्याला सातबारा नव्हता.

दोहा

ती. दादांस, सा. न.

मागच्या पत्रावर तुम्ही वकिली शंका काढणार हे गृहीत धरतो : इमान नि जमीन वेगळी असतील, तर कोणत्याच वाळवंटी शेखाचे राज्य सिद्ध होणार नाही, मग कतारचे तरी कसे झाले? शंका रास्त आहे. उत्तरासाठी तेलाच्या आधीच्या काळात जावे लागते. 1867 मध्ये बहरीनच्या शेखाने अबू धाबीची मदत घेऊन समुद्रमार्गे दोहा आणि वकरा ही गावे लुटली. त्यावर पुढच्या वर्षी बुशहरचा ब्रिटिश रेसिडेंट लुईस पेली युद्धनौका घेऊन आला आणि दोन्ही बाजूंकडून स्वतंत्र करार लिहून घेतले. कतारच्या मुहंमद बिन थानी यांनी लिहून दिले की दोह्यात शांततेने राहीन, वैरभावाने समुद्रावर उतरणार नाही, तंटा झाला तर रेसिडेंटापुढे मांडीन. पेलीची कचेरी तेव्हा मुंबई सरकारच्या हाताखाली होती, म्हणजे या भांडणाचा टपालखर्च काही अंशी आपल्याच इलाख्याच्या खात्यावर पडलेला आहे.

त्या करारांत जमिनीची सीमा आखलेली नाही. पण समुद्र बंद झाला आणि त्याने जे व्हायचे ते झालेच. 1873 मध्ये बहरीनच्या शेखाने नईमांच्या नावाने झुबाऱ्यावर हक्क सांगितला, तेव्हा किनाऱ्यापलीकडच्या भानगडीत पडू नका, असे ब्रिटिशांनी त्याला बजावले. 1878 मध्ये कतारच्या जासिम बिन थानी यांनी झुबाऱ्यावर चाल करून ते उद्ध्वस्त केले. नईमांच्या पाठीशी बेटावरून फौज आली नाही, येऊ शकत नव्हती. उलट 1895 मध्ये झुबाऱ्याहून बहरीनवर स्वारीची तयारी दिसली, तेव्हा ब्रिटिश नौकांनी तिथे जमलेली गलबते फोडून टाकली. समुद्र दोघांनाही बंद होता, पण जमीन फक्त एकाच्या पायाखाली होती. म्हणून मी म्हणतो की बहरीनचा दावा खोटा नव्हता, शिळा झाला होता. टोळीच्या स्वतःच्या रिवाजाने पाहिले तरी, ज्याला हाकेला येता येत नाही त्याच्या इमानावर जमीन टिकत नाही.

यावर कोणी म्हणेल, 1937 मध्ये नईम लढले ते बहरीनसाठीच ना? अर्धे खरे. शेख अब्दुल्लांनी झुबाऱ्यात जकात बसवायचे काढले आणि नईमांच्या एका शाखेने ती नाकारली. दुसरी शाखा कतारच्या बाजूने होती. वेळ मात्र पाहण्यासारखी आहे : बहरीनमध्ये 1932 ला तेल लागले होते, कतारने 1935 मध्ये तेलाचा ठेका दिला होता, आणि त्या ठेक्याबरोबर ब्रिटिशांनी कतारला संरक्षणाची हमीही दिली होती. ज्या जमिनीवर पूर्वी कोण चारतो एवढाच प्रश्न होता, तिथे आता खाली काय आहे हा प्रश्न आला. लढाईत कतारची सरशी झाली आणि हरलेल्या नईमांपैकी बरेच जण बहरीनला निघून गेले. त्यांनी इमान राखले, याबद्दल शंका घ्यायचे कारण नाही. पण ते राखायला त्यांना जागा सोडावी लागली, यातच सगळे आले. बहरीनने चिडून कतारशी व्यापार आणि येणेजाणे बंद केले. 1944 मध्ये ब्रिटिशांनी समेट घडवला, तो मोघम भाषेत, आणि म्हणूनच टिकला नाही.

मनामा

ती. दादांस, सा. न.

इथून पाहिले की दुसरी बाजू अधिक उठावदार दिसते, आणि तिचा सर्वांत जोरदार मुद्दा मला मान्य आहे. आल थानींची सत्ता झुबाऱ्यात हळूहळू पक्की झाली हे खरे. पण प्रतिस्पर्ध्याचा हात परक्या आरमाराने धरून ठेवला होता, त्याचे काय? हा तंटा अखेर जिथे गेला त्या हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 16 मार्च 2001 च्या निकालात या प्रश्नाचा न्याय केला नाही, नोंद घेतली. नईमांतील काही जणांचे बहरीनच्या शेखाशी संबंध होते हे न्यायालयाने मानले, काही जण दोन्ही घराण्यांच्या चाकरीत होते हेही सांगितले. पण त्यांनी बहरीनच्या वतीने झुबाऱ्यात राज्यसत्ता चालवल्याचा पुरावा नाही, असे म्हणून झुबारा एकमताने कतारला दिला. 1975 मध्ये पश्चिम सहाराविषयी मत देतानाही याच न्यायालयाने मोरोक्कोच्या सुलतानाला मानणाऱ्या टोळ्या असल्याचे मान्य केले होते, आणि तरीही सार्वभौमत्व नाकारले होते. तेव्हा नईमांना वेगळी फूटपट्टी लावली, असे म्हणता येत नाही.

मात्र त्याच निकालात, दोघांनीही हक्क सांगितलेली हवार बेटे बहरीनला मिळाली. तिथे बहरीनने दवासिर लोकांच्या वस्तीचा आणि निष्ठेचा दाखला दिला होता. न्यायालयाने त्यात न शिरता, हवार बहरीनची हा 1939 चा ब्रिटिशांचा निर्णय दोन्ही शेखांवर बंधनकारक ठरवला आणि विषय मिटवला. (याच खटल्यात कतारने दाखल केलेल्या 82 कागदांच्या खरेपणावर बहरीनने आक्षेप घेतला, आणि कतारने ते बाजूला ठेवले. दोन्ही किनाऱ्यांवर जुन्या कागदाची केवढी भूक होती, ते यावरून ताडावे.) झुबाऱ्यात टोळीचे इमान तोकडे पडले, हवारमध्ये ते विचारलेच गेले नाही. पुढचे पत्र मस्कतहून. बुरैमी या मरूद्यानाच्या भांडणात सौदींनी टोळ्यांकडून गोळा केलेल्या कराच्या पावत्याच पुरावा म्हणून मांडल्या होत्या, त्यांच्याविषयी तिथून लिहितो.

आपला,
धाकटा