तोंडावरचा हात

एव्हॅन्जेलिन जॉर्डन या अमेरिकन दंतवैद्य बाईंनी १९२० च्या दशकात लिहून ठेवलं: मूल रडायचं थांबेना, तर तोंडावर घडी घातलेला नॅपकिन धरावा. पुढे नॅपकिनची जागा तळहाताने घेतली आणि ते रीतसर शिकवलं जाऊ लागलं. अमेरिकेच्या बालदंतवैद्यक अकादमीने २००६ मध्ये ते मार्गदर्शक सूचनांतून काढून टाकलं. ‘आधी सांगा, मग दाखवा, मग करा’ ही ॲडलस्टन यांची रीत १९५९ ची. म्हणजे दोन्ही गोष्टी जवळजवळ अर्धशतक एकाच वर्गात शिकवल्या गेल्या. हे मला फार लागतं.

*

विरारजवळच्या बोळिंजचा एक दवाखाना. दाढ किडलेला लहानगा, सोबत आजी. आजीच मदतनीस बाईंना म्हणाली, “तुम्ही हात धरा, मी पाय धरते.” तरुण डॉक्टर म्हणाली, “आजी, आज कुणीच धरायचं नाही.” तिने आरसा त्याच्या हातात दिला, पाण्याचा फवारा नखावर मारून दाखवला, दात मोजले आणि घरी पाठवलं. आजी नाराज. रिक्षाचे पैसे गेले, दाढ तशीच. तिची नाराजी खरी होती.

*

न धरता काम होऊ लागलं, त्याचं श्रेय साधनांचंही आहे. हॉल पद्धतीत इंजेक्शन नाही, कोरणं नाही. दुधाच्या दाढेवर थेट स्टीलची टोपी बसते. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड लावलं की कीड रोखता येते, जागा मात्र काळी पडते.

*

बोळिंजहून नायरच्या दंत महाविद्यालयात जायचं तर विरार लोकलने मुंबई सेंट्रल गाठायचं. कुठेही ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हटलं की बापाचा आणखी एक खाडा. शिकणाऱ्या डॉक्टरांनाही ठरलेली कामं पुरी करायची असतात. मूल नुसतं खुर्चीत बसून आ करून गेलं, तर ती बैठकही काम म्हणून नोंदली पाहिजे. नाहीतर सगळी घाई मुलाच्या मनगटावर येते.

*

गाल सुजलाय, ताप आहे, थांबायला वेळ नाही, तेव्हा कधी कधी धरावं लागतं. बारा वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी, पालकांच्या संमतीने, सद्भावनेने केलेल्या कृतीला भारतीय न्याय संहितेचं कलम २७ संरक्षण देतं. पण ती संमती आधी घ्यावी, लेखी घ्यावी; कोण धरणार, किती वेळ, कधी सोडणार, हे बोलून. एरवी मुलाला खूण शिकवावी: डावा हात वर केलास की मी थांबेन. आणि हात वर झाला की मशीन बंद, दाढ अर्धी कोरलेली असली तरी.