पुदिन्याचे पानक

वैशाखाचे ऊन तापू लागले म्हणजे तृषाशमन हा घरोघरीचा पहिला प्रश्न होऊन बसतो. पन्हे, कोकमाचे सरबत, वाळ्याचे पाणी ही त्याची परंपरागत उत्तरे आपणांजवळ आहेतच. अलीकडे त्यांच्या पंक्तीस मोहितो नामक एक परदेशस्थ पाहुणा येऊन बसला आहे. गतवर्षी मुंबईस नोकरी करणारा आमचा पुतण्या सुटीत आला असता म्हणाला, "काका, हरकत नसेल तर मोहितो घरीच करून दाखवितो." तेव्हा या पाहुण्याचे कुलगोत्र विचारणे आम्हांस प्राप्तच झाले.

मोहितोचे माहेर क्यूबा देशातील हवाना नगर. पांढरी रम 45 मिलिलिटर, लिंबाचा रस 20 मिलिलिटर, साखर 2 चमचे, पुदिन्याचे 6 शेंडे आणि वर सोडा व बर्फ, असे त्याचे प्रमाण. यांपैकी रम ही उसाच्या मळीपासून अथवा रसापासून आंबवून व ऊर्ध्वपातन करून काढतात. कोलंबसाने 1493 साली आपल्या दुसऱ्या सफरीत त्या सागरातील बेटांवर ऊस नेला. परंतु आपल्याकडे ऊस त्याहून कितीतरी प्राचीन. यूरोपातील भाषांनी साखरेस दिलेली नावेदेखील आपल्या 'शर्करा' शब्दावरूनच, फारसी-अरबीच्या मार्गे गेलेली. गुळाच्या सुरेस मनुस्मृतीने 'गौडी' म्हटले असून पैष्टी व माध्वी यांसह तिचा निषेध केला आहे. म्हणजे पाहुणा सर्वस्वी परका नव्हे, आणि त्याविषयीचा निषेधही आजचा नव्हे.

तथापि केवळ स्मृतिवचन पुढे करून तरुणांस गप्प बसविणे आम्हांस रुचत नाही. ज्याने जन्मभर वर्गात "का, ते विचारा" असे सांगितले, त्याने घरी "का?" विचारणाऱ्यास दटावावे हे न्याय्य नव्हे. म्हणून कारणेच पाहू. या पेयात गारवा कोणाचा? थंडीची जाणीव करून देणारे जे ग्राहक आपल्या मज्जातंतूंत असतात, त्यांस मेंथॉल हे पुदिन्याच्या काही जातींतील द्रव्य जागे करते. मेंथॉलच्या साहाय्याने हे ग्राहक शोधून काढणारे डेव्हिड ज्युलियस व आर्डेम पटापूटियन यांस, उष्णता व स्पर्श यांच्या संवेदनेवरील संशोधनाबद्दल, 2021 सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. लिंबाची आंबटाई तोंडास पाणी आणते. तहान भागते ती पाण्याने. रम मात्र त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावून अंगास ऊब आणते आणि लघवी वाढवून शरीरातील पाणी घालविते. तात्पर्य, ग्रीष्मात जे हवे ते इतर चौघे देतात आणि पाचवी ते काढून घेते.

आमच्या मनात याहून निराळेही एक कारण आहे. आमच्याजवळ संस्कृत शिकलेला एक बुद्धिमान विद्यार्थी, ज्याला रघुवंशाचे सर्गच्या सर्ग मुखोद्गत होते, मद्यापायी चाळिशीच्या आत गेला. समाचारास गेलो तेव्हा त्याची माता म्हणाली, "गुरुजी, त्याने कधी सांगितले नाही, आणि आम्हीही कधी विचारले नाही." ते वाक्य आजही आमच्या कानांत आहे. म्हणून पुतण्यास आम्ही इतकेच सांगितले, "या घरात रम येणार नाही. तू तुझ्या बिऱ्हाडी काय करतोस ते मात्र चोरून करू नकोस. आणि एखाद्या सायंकाळी तिच्यावाचून चैन पडेनासे झाले, तर आधी आम्हांस येऊन सांग." तो काही वेळ गप्प राहिला, मग "सांगेन, काका," म्हणाला.

नंतर त्यानेच केलेली कृती अशी : चार माणसांस चार रसाळ लिंबांचा रस व आठ चमचे साखर भांड्यात एकत्र करावी. मूठभर पुदिन्याची पाने धुऊन, देठ टाकून त्यात घालावी व बत्त्याने हलकेच दाबावी. कुटू नयेत, कुटल्याने कडवटपणा उतरतो. रमचा झणका राहत नाही, त्याच्या जागी अर्धा चमचा आल्याचा रस आणि चिमूटभर सैंधव घालावे. बर्फ व सोडा अगदी शेवटी घालून एकदाच ढवळावे, नाहीतर सोड्यातील वायू उडून जातो.

पेला रिकामा करून पुतण्या म्हणाला, "छान झाले आहे, पण रमशिवाय हा मोहितो नव्हे." त्याचे म्हणणे यथार्थ आहे. नाव त्याचे त्यास परत करावे व यास पानक म्हणावे. काव्यातील रसास्वाद समजावून देताना मम्मटाने पानकरसाचाच दृष्टान्त घेतला आहे : घटकांची पृथक् रुची लोपून सर्वांचा मिळून एक अपूर्व स्वाद होतो. वाचकहो, आजीपासून नातवापर्यंत सर्वांस एकाच भांड्यातून, एकाच जागी बसून घेता येईल असे हे पेय आहे. आणि घरातील माणसे अशी एकत्र बसली म्हणजे न विचारलेले प्रश्न विचारण्यास अवसरही मिळतो.