वीज जाण्यापूर्वीं

घरांत वीज असतां तिची आठवण कोणासहि होत नाहीं, आणि ती जातांच प्रत्येकास आपापलें काम आठवतें. मुलाचा अभ्यास, यजमानांचा पंखा, गृहिणीचें वाटण आणि टीव्हीवरील मालिका हीं सारीं एकाच क्षणीं सारख्याच महत्त्वाचीं होऊन बसतात. वीज आगाऊ सांगून जाणार असेल, तर ही तक्रारींची सभा आदल्या रात्रींच भरवून संपवितां येते. त्या सूचनेचा खरा उपयोग हाच, असें माझें मत आहे.

पुण्यांत गुरुवार हा विजेच्या दुरुस्तीचा वार म्हणून बहुतेकांस ठाऊक आहे. तारा व रोहित्रें यांची डागडुजी होते, आणि कुठल्या तरी भागांतील पुरवठा सकाळपासून दुपार कलेपर्यंत बंद राहतो. २००५ सालानंतर कित्येक वर्षें महाराष्ट्रानें जें भारनियमन सोसलें, त्यापुढें हा एका दिवसाचा त्रास तो किती! शहरांतल्या घराघरांत इन्व्हर्टर शिरले ते त्याच दिवसांत. ते बसविणारा कारागीर कोणासहि न विचारतां दिवाणखान्यांतला दिवा, पंखा व टीव्ही जोडून निघून जाई. स्वयंपाकघर बहुधा राहून जाई. पाहुण्यांनीं वाऱ्यावर बसावें, आणि कणीक मळतांना विजेरी कोणत्या हातांत धरावी हें घरच्या बाईनें पाहून घ्यावें, असा तो न्याय होता. कारागिराचा यांत दोष नाहीं. त्यास ज्यांनीं बोलाविलें, ते दिवाणखान्यांतच बसलेले असत.

आमचेकडेहि जोडणी तशीच होती, व ती तशीच चालून गेली असती. परंतु सासूबाईंचें फुफ्फुसांचें दुखणें वाढलें, आणि डॉक्टरांनीं घरीं प्राणवायूचें यंत्र ठेवण्यास सांगितलें. हें यंत्र हवेंतला नायट्रोजन शोषून घेऊन प्राणवायु पुढें देतें, त्यामुळें सारखे सिलिंडर भरून आणावे लागत नाहींत. मात्र वीज गेली कीं तें त्याच क्षणीं मुकें होतें.

मग एका बुधवारीं रात्रीं आम्हीं कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. आमच्या इन्व्हर्टरची बॅटरी १२ व्होल्टची व १५० अँपिअर-तासांची. गुणाकार १८०० वॉट-तास. पण ती तळापर्यंत उपसावयाची नसते, आणि कांहीं शक्ति वाटेंतच वायां जाते; हातीं हजार-बाराशें लागले तरी पुष्कळ. यंत्र खातें ३०० ते ३५० वॉट. म्हणजे घरांतील दुसरें कांहींहि न लावतां तीन तासांपलीकडे भरंवसा धरितां येत नाहीं, आणि वीज तर सहा तास जावयाची.

“अहो, दिवाणखान्याची तार काढून आईंच्या खोलींत न्यावी लागेल,” मीं म्हटलें.

“आणि पाहुणे आले तर?”

“पाहुणे खिडकीपाशीं बसतील.”

सासूबाई आंतून ऐकत होत्याच. त्या म्हणाल्या, “अगं, मला पंखा नको नि दिवा नको, यंत्र तेवढें चालू राहूं दे.” एवढ्या मोठ्या मागणीस त्या ‘तेवढें’ म्हणाल्या! उरलेल्या तासांसाठीं आम्हीं प्राणवायूचा एक सिलिंडर आणून ठेविला. बी प्रकारच्या सिलिंडरांत सुमारें १५०० लिटर वायु असतो. सासूबाईंस दर मिनिटास २ लिटर लागतो, म्हणून तो १२ तास पुरतो. यजमानांनीं तो उघडण्याची व बंद करण्याची तालीम मुलाकडून दोनदां करवून घेतली, कारण दुपारीं घरीं असतो तो तोच.

सर्वांत अवघड गोष्ट मात्र विजेची नव्हती. वीज गेली कीं समई लावावी, हें आपल्या घरांत हाडींमासीं खिळलेलें आहे, आणि सासूबाईंचें देवघर त्यांच्या खोलींतच होतें. प्राणवायु स्वतः जळत नाहीं, परंतु ज्वालेस तो विलक्षण जोर देतो. अंथरुणांत व लुगड्यांतहि तो मुरून राहतो. त्या खोलींत निरांजन, उदबत्ती, कापूर यांपैकीं कांहींच चालणें शक्य नव्हतें. साठ वर्षें ज्यांनीं सांजवात चुकविली नाहीं, त्यांना हें सांगावयाचें कोणीं? शेवटीं मीं सांगितलें. त्या बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, “देव स्वयंपाकघरांत न्या. तिथेंहि दिवा नसतोच कधीं.” अशा रीतीनें आमच्या स्वयंपाकघरास, इतक्या वर्षांनीं, इन्व्हर्टरचा एक छोटासा दिवा मिळाला.

बाकीची तयारी सोपी आहे. गच्चीवरील टाकी आदल्या रात्रींच भरून घ्यावी. पंप सुरू होतांना इतकी वीज ओढतो कीं घरगुती इन्व्हर्टरनें तो चालवूं नये. बॅटरींत नळाचें नव्हे, डिस्टिल्ड पाणीच घालावें, आणि ती बंदिस्त कपाटांत कोंडूं नये, कारण ती भरतांना ज्वालाग्राही वायु निघतो. फ्रिजचें दार वारंवार उघडलें नाहीं तर आंतली थंडी चार तास सहज टिकते. यजमानांच्या इन्शुलिनची मला प्रथम फार धास्ती होती. पण सुरू केलेली कुपी फार उकाडा नसेल तर बाहेर सुमारें चार आठवडे टिकते. कडक उन्हाळ्यांत ती डब्यांत घालून, ओल्या वाळूंतल्या मडक्यांत ठेवावी. बर्फावर मात्र कधींहि ठेवूं नये, गोठलें कीं तें निरुपयोगी. आणि वीज जातांच इस्त्रीचें बटण बंद करावें. घरांत कोणी नसतां वीज परत आली, तर इस्त्री कोणाची वाट पाहत नाहीं.

सूचनेंत दिलेली वेळ पाळली जाईलच, असें धरून चालूं नये. मागच्या गुरुवारीं चारची वीज साडेसहाला आली. यंत्र एक वाजतांच थकलें होतें, आणि मुलानें न घाबरतां नळी सिलिंडरला जोडली होती. सिलिंडरची चावी आतां सासूबाईंच्या पलंगाजवळच्या खिळ्याला दोरीनें बांधून ठेविली आहे. ती कोणीहि, कोणत्याहि कामासाठीं, तेथून सोडावयाची नाहीं.