सिस्टरांचा संप आणि मी

सरकारी दवाखान्यातल्या युनियनचं नाव निघालं की माझ्या कपाळाला आठ्या पडायच्या. नोकरी पक्की, वर पुन्हा आंदोलनं, आणि हाल मात्र गरीब पेशंटचे, असं माझं ठाम मत होतं. मे २०२२च्या अखेरीस राज्यभरातल्या सरकारी परिचारिका बेमुदत संपावर गेल्या, तेव्हा ‘सगळं खासगी करून टाका’ असं मी घरात तावातावानं बोललो होतो. रिकाम्या जागा कंत्राटदारामार्फत भरू नका, कायमस्वरूपी भरा, ही त्यांची मुख्य मागणी. ती मी धड वाचलीसुद्धा नव्हती.

पुढे वडिलांना एका खासगी रुग्णालयात ठेवावं लागलं. रात्री त्यांचा सलाईनचा हात टम्म सुजला. सिस्टर बऱ्याच वेळानं आली. अख्ख्या मजल्यावर ती एकटीच होती. मी तिच्यावर ओरडलो. तिनं सलाईन बंद केलं, सुई काढली, दुसऱ्या हाताची शीर शोधली. मग हलक्या आवाजात म्हणाली, “काका, माणसं कमी आहेत हे ऑफिसात तुम्हीच लिहून द्या. आम्ही एजन्सीच्या. मी बोलले तर उद्यापासून येऊ नको म्हणतील.”

मी गप्प झालो. काय चुकतंय ते तिला माझ्याहून जास्त कळत होतं, पण बोलायची सोय नव्हती. आणि ज्या बायका हेच उघडपणे सांगायला रस्त्यावर उतरल्या होत्या, त्यांना मी कामचुकार ठरवलं होतं. स्वतःची लाज वाटली. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात सामान्य वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी, असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. तो पाळा, असं वरच्यांना तोंडावर सांगणार कोण? जिची रोजीरोटी ठेकेदाराच्या मर्जीवर आहे, ती नक्कीच नाही.

संपात रुग्णांचे हाल होतात, हे मी आजही नाकारत नाही. कामचुकाराला युनियन पाठीशी घालते, तेव्हा आजही चीड येते. पण जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहतात तेव्हाही हाल होतातच, आणि त्याबद्दल मी कधी अवाक्षर काढलं नव्हतं.

रुग्णालयाच्या गेटवर घोषणा ऐकू आल्या, तर मत बनवण्याआधी त्यांचं मागणीपत्रक मागून घ्या आणि शेवटपर्यंत वाचा.